नकारवहीतली पहिली ओळ

थॉर्नबेक,
४ फेब्रुवारी २००९

प्रिय एनिड,

आधी तुझ्या गुडघ्याची चौकशी करायला हवी, पण आज क्रम उलटा ठेवतो. ही बातमी तुला वर्तमानपत्रातून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. काउन्सिलच्या निरीक्षकांनी मला पकडलं. लायटरमध्ये भरायच्या गॅसचा डबा मी पंधरा वर्षांच्या मुलीला विकला.

हो, मीच. वाक्य पुन्हा वाचू नकोस. कितीदा वाचलंस तरी तेच राहील.

झालं असं. दुपारची वेळ, बाहेर पाऊस, दुकानात मी एकटा. एक उंच पोरगी आत आली. केस मागे बांधलेले, कपाळ थेट गार्नेटांचं. आपल्याकडे कुणी वय विचारत नाही, हे तुला ठाऊक आहे. "तू कुणाची गं?" असं विचारतात. मी तेवढंही विचारलं नाही, कारण मला वाटलं, मला माहीत आहे. गार्नेटांची थोरली, हेदर, नर्सिंग शिकायला गेलेली. तिला वीस पूर्ण झाली. मी म्हटलं, "काय गं, आई बरी आहे ना?" ती म्हणाली, "बरी आहे." खोटं कशाला म्हणायचं? तिची आई कुणी का असेना, बरीच असणार. मी डबा काउंटरवर ठेवला, "ये हं राणी" म्हटलं आणि पुन्हा खिळ्यांची खोकी लावायला वळलो.

दोन मिनिटांनी एक गृहस्थ आत आले. गळ्यात ओळखपत्र, छत्री ओली. "मिस्टर सगडन, आत्ता बाहेर गेली ती मुलगी पंधरा वर्षांची आहे. आम्हीच पाठवली होती."

मी म्हटलं, "ती गार्नेटांची नव्हे?"

ते म्हणाले, "कोण गार्नेट?"

हे नोव्हेंबरातलं. मला वाटलं, समज देऊन सोडतील, म्हणून तुला कळवलं नाही. काल समन्स आलं. चोवीस मार्चला मॅजिस्ट्रेटांपुढे उभं राहायचं आहे. दंड होईल, सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवासही होऊ शकतो, असं कागदावर छापलंय. एकाहत्तराव्या वर्षी मला आत ठेवून ते माझं काय करणार? त्यांना कुलपं दुरुस्त करून हवी असतील तर गोष्ट वेगळी.

गुडघा कसा आहे?

तुझा,
विल्फ


स्कारबरो,
९ फेब्रुवारी

विल्फ,

"प्रिय" लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

नोव्हेंबरात झालं आणि फेब्रुवारीत कळवतोस! तीन महिने तू, माझा सख्खा भाऊ, माझ्या पत्रांना उत्तरं देत होतास. ट्यूलिपचे कंद, चॅपलच्या छपराची गळती, कुणाची मांजर हरवली, सगळं लिहिलंस. आणि हे पोटात ठेवलंस.

माझा ग्लेन तो गॅस नशेसाठी हुंगून, काळीज बंद पडून गेला, तेव्हा चौदा वर्षांचा होता. लायटरच्या गॅसचा डबा कुणाही पोराने मागावा आणि कुणीही द्यावा, असे ते दिवस होते. त्याला रोखणारा कायदा नव्हता. तो कायदा आकाशातून पडला नाही विल्फ. त्यासाठी मी पंधरा वर्षं सभागृहं पालथी घातली. शाळांत बोलले, चॅपलांत बोलले, एकदा तर बसच्या रांगेत उभी राहून बोलले. आणि प्रत्येक भाषणाच्या शेवटी एकच सांगितलं. कुठल्यातरी गल्ल्यामागे एक हात होता. त्या हाताने माझ्या मुलाकडून नाणी घेतली, त्याच्या तळव्यावर मरण ठेवलं आणि वर "थँक यू" म्हटलं. तो हात कुणाचा, मला माहीत नाही. पण तो हात अजून जेवतो, अजून दार उघडतो, नातवंडांच्या डोक्यावरून फिरतो. त्याला थांबवणारं कुणीतरी हवं.

तू पहिल्या रांगेत बसायचास. हे पाठ असणारा माझ्याखेरीज एकच माणूस असेल, तो तू.

आणि आता मला सांगतोस की मुलगी गार्नेटांसारखी दिसली! गार्नेटांची असती तर तिचं काळीज लोखंडाचं असतं का? वय विचारलंस की नाही, एवढं एका शब्दात लिही. फोन करू नकोस. मला फोनवर काही ऐकू येत नाही, आणि आलं असतं तरी तुझं कण्हणं-कुथणं आज मला ऐकायचं नाही.

एनिड


थॉर्नबेक,
१४ फेब्रुवारी

प्रिय एनिड,

एका शब्दात: नाही.

तू लिहिलंस ते सगळं मला मान्य आहे. पण वकिलाशिवाय कोर्टात जाऊ नकोस म्हणून शेजारच्यांनी पिच्छा पुरवला, तेव्हा मिस फॅरिमंड नावाच्या वकीलबाईंकडे गेलो. वय अठ्ठावीस, चालणं एकोणिसाव्या वर्षातलं. त्या म्हणाल्या, दुकानदाराने शक्य ती सगळी काळजी घेतली होती असं दाखवता आलं, तर कायद्यात बचावाला जागा आहे. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही नकारवही ठेवता का?"

ही वही म्हणजे काय, ते तुला माहीत आहे. अठराच्या आतलं कुणी गॅस मागायला आलं की दुकानदाराने त्याला नाही म्हणायचं आणि त्याची नोंद करायची. हल्ली सगळीच दुकानं ठेवतात. माझ्या वहीत चार रकाने असतात: तारीख-वेळ, कोण, काय म्हणाला, मी काय म्हणालो. चौथ्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच शब्द आहे: नाही. मी गल्ल्याखालून सातही वह्या काढून टेबलावर ठेवल्या, तेव्हा वकीलबाईंचं पेन हातातून पडलं. "मिस्टर सगडन, अशी नोंद मी आजवर कुणाकडे पाहिली नाही."

आता मुख्य गोष्ट. ती लिहिताना मला लाज वाटते. त्यांनी तुझं नाव ऐकलंय. ज्या बाईंनी या कायद्यासाठी आयुष्य वेचलं त्यांनीच कोर्टात भावाच्या बाजूने दोन शब्द सांगितले, तर फार फरक पडेल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, विचारणार नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही विचारलं नाही तर मी विचारेन. म्हणून विचारतोय. तू "नाही" म्हण. मला त्या शब्दाची सवय आहे.

विल्फ


स्कारबरो,
१९ फेब्रुवारी

प्रिय विल्फ,

बघ, "प्रिय" परत आलं.

तुझं पत्र वाचून आधी मी चहाचा कप धुवायच्या भांड्यात आपटला. मग पुन्हा वाचलं. सात वह्या? कायद्याला अजून दहा वर्षं पूर्ण झाली नाहीत. थॉर्नबेकमध्ये पोरं किती, त्यातली तुझ्याकडे येणारी किती? दहा वर्षांत तुझ्या त्या खिळ्यांच्या दुकानात सात वह्या भरल्या, तर मग गावातली प्रत्येक शेळीसुद्धा गॅस मागायला येत असली पाहिजे. पहिली वही कधी सुरू केलीस?

मला सगळ्या वह्या बघायच्या आहेत. मी बोलायला उभी राहिले तर पोकळ बोलणार नाही. माझा भाऊ चांगला आहे हो, चॅपलमध्ये गातो हो, असली साक्ष हजारजण देतात. माझ्या हातात कागद पाहिजे. तुझ्याकडून चूक झाली, ती चूक मी लपवणार नाही. पण एका दुपारच्या चुकीपुढे वर्षानुवर्षांचे "नाही" ठेवता आले, तर मी येईन. गुडघा ओढत येईन.

वह्या पाठव.

एनिड


थॉर्नबेक,
२४ फेब्रुवारी

प्रिय एनिड,

वह्या पोस्टाने पाठवण्यासारख्या नाहीत. दोन वह्यांची शिवण उसवलीय. कधी सुरू केल्या ते लक्षात नाही. म्हाताऱ्या माणसाची एक खोड, तिचा वाढदिवस कोण लक्षात ठेवतं?

मी विचार केला. मी गुन्हा कबूल करतो, विषय संपतो. तू येऊ नकोस. मार्चमध्ये डोंगरावर अजून बर्फ असतो, गाड्या रखडतात, तुझा गुडघा तसा. मिस फॅरिमंड तरुण आहेत, त्यांना प्रत्येक खटला जिंकायचा असतो. मला हा जिंकायचा नाही.

तुझ्या बागेत स्नोड्रॉप आले का?

विल्फ


स्कारबरो,
३ मार्च

माझ्या लाडक्या, वेड्या भावा,

स्नोड्रॉपबद्दल विचारून तू मला फसवू पाहिलंस. जन्मात तुला खोटं बोलता आलं नाही. मी सरळ मिस फॅरिमंडना पत्र टाकलं. वह्या त्यांच्याच कपाटात होत्या. त्यांनी प्रत्येक वहीच्या पहिल्या पानाची झेरॉक्स पाठवली.

पहिल्या वहीची पहिली तारीख: १० मार्च १९८४.

विल्फ, मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि कितीतरी वेळ उठले नाही. माझा ग्लेन गेला तो दिवस. वेळ लिहिलीस: चार वाजून वीस मिनिटं. पुढचे तीनही रकाने रिकामे. खाली एकोणीस मार्चपासून, म्हणजे त्याला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, नोंदी सुरू: दोन मुलगे, एक मुलगी, कुणी "बाबांसाठी" म्हणालं, कुणी "शाळेच्या प्रयोगासाठी". आणि प्रत्येकापुढे "नाही".

कायदा येण्याआधी पंधरा वर्षं! मी व्यासपीठावर ओरडत होते की कुणीतरी नाही म्हणा, कुणीतरी एकाने तरी नाही म्हणा, आणि तू खाली पहिल्या रांगेत गप्प बसला होतास. घरी जाऊन ते करत होतास. मला कधी बोलला नाहीस. ग्लेनच्या नावाने तू वही सुरू केलीस, पहिली ओळ त्याच्यासाठी मोकळी सोडलीस. चॅपलमधल्या त्याच्या नावाच्या दगडी पाटीपेक्षा मला ती ओळ मोठी वाटते.

आणि मी तुला काय काय लिहिलं! फाडून टाक ते पत्र.

चोवीसला मी येतेय. ते पान मी कोर्टात हातात धरून वाचणार आहे. म्हणणार आहे, या देशात दोन प्रकारचे हात आहेत. एक हात मला कधी सापडला नाही, आणि दुसरा हा माझ्या भावाचा. मॅजिस्ट्रेटांना काय वाटायचं ते वाटो. त्या हातासाठी मी पंचवीस वर्षं शब्द जपून ठेवलेत. त्यातले निम्मे मी तुझ्या हातासाठी खर्च करीन.

तुझी,
एनिड


थॉर्नबेक,
७ मार्च

एनिड,

हे पत्र बसून वाच. चष्मा पुसून घे. अक्षर वाईट येणार आहे.

तू कोर्टात ते पान वाचू शकत नाहीस. पहिली ओळ ग्लेनच्या आठवणीसाठी मोकळी सोडलेली नाही.

त्या शनिवारी चार वाजून वीस मिनिटांनी तो दुकानात आला. हॅलिफॅक्सहून मॅच बघून परत येत होता, गळ्यात मफलर, गाल लाल. मी स्टोव्हच्या वाती कापत होतो. तो म्हणाला, "विल्फमामा, लायटरचा गॅस आहे?" मी विचारलं, "कुणासाठी रे?" तो म्हणाला, "आईसाठी." रोनाल्डने लग्नाच्या वाढदिवसाला तुला दिलेला तो चांदीचा लायटर माझ्या डोळ्यांपुढे होताच. मी आणखी काही विचारलं नाही. दुसऱ्या कुणाचा मुलगा असता तर कदाचित विचारलं असतं. तो आपला होता. मी डबा दिला. पुदिन्याच्या चार गोळ्या कागदात बांधून दिल्या. म्हटलं, "आईला सांग, मामाने विचारलंय." तो म्हणाला, "सांगतो." दार लागताना घंटी वाजली.

साडेपाचला कुणीतरी धावत आलं आणि म्हणालं, बोलिंगच्या मैदानामागच्या शेडमध्ये एनिडचा मुलगा पडलाय.

गल्ल्यामागचा तो हात माझा आहे.

पोलिसांनी तेव्हा फारसं विचारलं नाही. गुन्हाच नव्हता. त्याच्याबरोबरची दोन पोरं म्हणाली, डबा कुठून आणला ते आम्हाला माहीत नाही. तू म्हणालीस, हॅलिफॅक्सच्या बाजारातून आणला असणार. मी तोंड उघडलं होतं एनिड. तुझ्या स्वयंपाकघरात, अंत्यविधीच्या आदल्या दिवशी. तू म्हणालीस, "बाजारातला कुणीतरी अनोळखी माणूस असेल. ओळखीच्या माणसाने असं केलं असतं तर मी जगले नसते." मी तोंड मिटलं.

त्यानंतर वही केली. पहिल्या ओळीत तारीख आणि वेळ लिहिली. "कोण" या रकान्यात नाव लिहायला घेतलं आणि हात पुढे सरकेना. शेवटच्या रकान्यात जो शब्द असायला हवा होता तो मी म्हणालोच नव्हतो, तो कसा लिहू?

तुझ्या भाषणांना मी पहिल्या रांगेत बसायचो, कारण मागे बसून ते ऐकणं भ्याडपणाचं वाटायचं. पहिल्या रांगेत बसून गप्प राहणं हाही भ्याडपणाच, हे मला माहीत होतं. माझ्याने त्यापुढे जाववलं नाही. पंचवीस वर्षं मला एकच गोष्ट खात आली: तो माझ्या तोंडावर खोटं बोलला आणि मला ते ओळखता आलं नाही. चौदा वर्षांच्या पोराचं खोटं!

तू माझ्यासाठी कोर्टात उभी राहायला निघालीस, आणि मी तुला उभं राहू दिलं असतं तर ते ग्लेनला दुसऱ्यांदा डबा देण्यासारखं झालं असतं.

आता तू काय करायचं ते कर.

विल्फ


थॉर्नबेक,
१७ मार्च

एनिड,

दहा दिवस झाले. पोस्टमन दिसला की मी काउंटरमागून बाहेर येतो, आणि तो लांबूनच मान हलवतो. त्यालाही आता सवय झालीय.

मिस फॅरिमंडना सगळं सांगितलं. पहिली वही वापरू नका, आणि मी गुन्हा कबूल करणार, म्हणालो. त्यांनी पहिली वही ढिगातून काढून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "मग साक्ष द्यायला कुणीच नाही?" मी म्हटलं, नाही.

तू उत्तर दिलं नाहीस तर ते माझं उत्तर समजतो. फक्त एवढंच कळव की तू बरी आहेस. एक कोरा कागद पाकिटात घातलास तरी चालेल.

विल्फ


स्कारबरो,
२१ मार्च

विल्फ,

चौदा दिवस मी तुझा तिरस्कार करायचा प्रयत्न केला. अभ्यास केल्यासारखा केला, सकाळ-संध्याकाळ. त्या हाताला मी पंचवीस वर्षं घडवलं होतं. त्याला काळी नखं दिली होती, मळकी बाही दिली होती. आता त्या बाहीत तुझं मनगट बसवायचं होतं. तू मला सायकल शिकवलीस तेव्हा सीट धरून मागे धावणारं मनगट. बसेना.

आणि ते बसेना याचं खरं कारण दुसरं आहे. ते कारण मी रोनाल्डला सांगितलं नाही, तो गेला तेव्हाही नाही. पाद्रीबाबांना सांगितलं नाही. आज तुला सांगते.

ग्लेन तुझ्याशी खोटं बोलला नाही.

त्या सकाळी तो निघाला तेव्हा मी दारात सिगारेट पेटवत होते आणि लायटर पेटेना. मी म्हटलं, "येताना गॅसचा डबा आण रे. बाजारात स्वस्त मिळतो." नाणी मीच त्याच्या हातावर ठेवली. मी, विल्फ. पहिला हात माझा होता. तो बाजारात घ्यायला विसरला असेल, मॅचच्या नादात. मग गावात परत आल्यावर आठवलं असेल, आणि तुझ्याकडे आला. आईचं काम विसरला नाही माझा मुलगा. तो डबा माझ्यासाठीच घेऊन निघाला होता. मधल्या पाचशे पावलांत काय झालं, कुणी काय चिथावलं, ते देवाला माहीत.

आता कळलं का, मला अनोळखी माणूस का हवा होता? सभागृहात मी त्या हाताच्या नावाने गरजले की माझा स्वतःचा हात मला दिसायचा नाही. लोक रडायचे, टाळ्या वाजवायचे, आणि मी तेवढ्यापुरती सुटायचे. कायदा खरा होता, त्याची गरज खरी होती, माझा शब्दन् शब्द खरा होता. पण मी एक वाक्य गिळून बोलत होते, आणि तू एक ओळ कोरी सोडून लिहीत होतास. आपण एकाच आईची मुलं, यात शंका नाही.

मी तुला क्षमा करते की नाही, हे मला माहीत नाही. क्षमा करायचा अधिकार माझ्याकडे आहे की नाही, हेसुद्धा माहीत नाही. चोवीसला सकाळच्या गाडीने येतेय. स्टेशनवर येऊ नकोस. गुन्हा कबूल कर, वळून बघू नकोस. पहिली वही मिस फॅरिमंडकडून मी मागून घेईन. मी काय बोलेन, ते उभी राहिल्यावर ठरेल.

एनिड


थॉर्नबेक,
१२ एप्रिल

आमच्या एनिडला,

आज ईस्टर. दुकान बंद. म्हणून हे पत्र निवांत लिहितो.

बोलून खाली बसलीस तशी तू कानातलं यंत्र काढून पर्समध्ये ठेवलंस, आणि कोर्ट सुटल्यावर माझ्या हाताला नुसती धरून उभी राहिलीस. मग दोनच्या गाडीने निघून गेलीस. त्यामुळे पुढचं तुला ऐकू आलेलं नाही. ते सांगायचं आहे. पण त्याआधी तू काय बोललीस ते इथे उतरवून ठेवतो. वार्ताहराने ते दीड ओळीत कोंबलंय.

मॅजिस्ट्रेटांच्या बेंचवरच्या तिघांपैकी मधल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही आरोपीच्या चांगल्या वर्तणुकीची साक्ष द्यायला आला आहात ना?" तू काठी टेकून उभी राहिलीस. म्हणालीस, "हो. माझा भाऊ चांगला माणूस आहे, आणि म्हणूनच त्याच्या हातून हे झालं. वाईट दुकानदाराला गिऱ्हाइकाची आई बरी आहे की नाही याच्याशी काय देणंघेणं! पंचवीस वर्षांपूर्वी त्याने माझ्या मुलाला डबा विकला, कारण तो माझा मुलगा होता. मी त्याला आणायला पाठवलं, कारण तो माझा मुलगा होता. आम्ही दोघांनी त्याला ओळखलं, आणि तो चौदाचा आहे हे आम्हाला दिसलं नाही. बाईसाहेब, अनोळखी पोराला कुणीही हाकलून देतं. त्याच्यासाठी कायदा लागत नाही. कायदा लागतो आपल्या पोरांसाठी. ज्याला आपण मायेपोटी 'नाही' म्हणू शकत नाही, त्याला कुणीतरी नाही म्हणावं म्हणून. माझ्या भावाला सोडू नका. त्याला सोडलंत तर मलाही सोडाल, आणि ते मला नकोय."

छत्रीवाले निरीक्षक बुटांकडे बघत होते.

मग तू यंत्र काढलंस. बाईंनी शेजारच्या दोघांशी कुजबुज केली आणि मला उभं केलं. म्हणाल्या, "मिस्टर सगडन, तुम्हाला दंड होतोय. तुमच्या बहिणीने मागितला म्हणून नव्हे, कायद्यात आहे म्हणून. तुरुंगात पाठवायची गरज आम्हाला वाटत नाही." मी म्हटलं, "आभारी आहे." त्या म्हणाल्या, "आणि वही चालू ठेवा." एवढंच तुझं ऐकायचं राहिलं होतं.

आता दुकानातली गोष्ट. मी दारावर जाड अक्षरांत पाटी लावलीय: "गॅस हवा असेल तर वयाचं ओळखपत्र दाखवा. मी तुम्हाला ओळखतो, ते चालणार नाही." गेल्या शनिवारी हेदर गार्नेट आली. खरी. सुट्टीवर आलीय. बापाच्या लायटरसाठी डबा मागितला. मी म्हटलं, "ओळखपत्र."

ती म्हणाली, "विल्फकाका, माझ्या बाप्तिस्म्याला तुम्ही होतात! केक पाडला होतात माझ्या आईच्या अंगावर!"

मी म्हटलं, "होतो. पाडला होता. ओळखपत्र."

"मी एकवीसची आहे हो!"

"तोंडाने सगळेच असतात."

ती हसून हसून बेजार, पण पर्स चाचपली, तर कार्ड घरी राहिलेलं. गेली तशीच. वहीत लिहिलं: हेदर गार्नेट, बाबांसाठी म्हणाली, नाही. सोमवारी कार्ड घेऊन आली, कपाळावर चिकटवून. गावभर सांगत सुटलीय की म्हाताऱ्याला आपलं माणूस कळेनासं झालं. म्हणू दे.

आणि काल तुझं पार्सल आलं. पहिली वही, शिवण नव्याने घातलेली. ती मी आज सकाळी उघडली. पहिल्या ओळीवर, दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात, तुझं अक्षर: "ग्लेन हॉर्सफॉल, वय चौदा." "आईसाठी म्हणाला. खरं बोलला." चौथा रकाना तू माझ्यासाठी ठेवलास.

चष्मा दोनदा पुसावा लागला. मग पेन घेतलं. नुसतं "नाही" लिहायचं होतं, पण त्या पोराला मी नुसतं "नाही" कधीच म्हणालो नसतो, म्हणून रकान्यात मावेल तितकं बारीक अक्षर काढून लिहिलं:

"नाही रे राजा. आईला म्हणावं, स्वतः ये."

विल्फ